कान तिखट, खिसा सढळ

पन्नाशी आली की मध्यमवर्गीय माणसाचे गुडघे दुखू लागतात आणि त्याला संगीत ‘नीट’ ऐकावंसं वाटू लागतं. गुडघ्यांचं तेलावर निभतं. संगीताला मात्र स्पीकर लागतात, तेही जोडीनं.

हा माणूस एकदा पोळलेला असतो. नव्वदीच्या दशकात खोक्यावरचे पीएमपीओ वॅट वाचून त्यानं म्युझिक सिस्टीम घेतली होती. हजार वॅट छापलेले, आत जेमतेम दहा. आता तो शहाणा झालाय, आरएमएस म्हणजे सलग मिळणारे खरे वॅट विचारतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलनं चढतो आणि कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगितलं तर अ‍ॅम्प्लिफायर कोण घेणार?

शिवाय त्याला ४० हजार हर्ट्झपर्यंत वाजणारा ट्वीटर हवा असतो. धडधाकट तरुणाचा कान २० हजाराशी थांबतो. पन्नाशीत बारा-चौदा हजार ऐकू आले तरी पुष्कळ. वरचा सगळा ऐवज सोसायटीतल्या कुत्र्यासाठी. ग्रामोफोनसमोर कुत्रा बसवणाऱ्या कंपनीची दूरदृष्टी आत्ता कळते. आणि घरी आणून ऐकायचं काय, तर बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या, ज्यांच्यात तेवढे उंच स्वर कधी उतरलेच नव्हते!

दुकानात मात्र नाट्यपद वाजत नाही. तिथं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजतं, ईगल्सचं, १९९४च्या अल्बममधलं. त्या सुरुवातीच्या गिटारीवर आणि ढोलावर जगभरात किती स्पीकर खपले असतील, देव जाणे. महागडी जोडी लावताना विक्रेत्याचा अंगठा व्हॉल्यूमवर किंचित सरकतो. जरा मोठं वाजलं की कानाला जरा चांगलंच वाटतं, हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक असतं.

त्याच १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्याच माणसांना स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांदेखत. पडदा दूर होताच गुण बदलले आणि छोट्या, स्वस्त संचाची पत घसरली. ही ज्यांची रोजीरोटी, त्यांची ही कथा. आपल्या दुकानात पडदा मागून बघा, चहा येईल.

एवढं करून स्पीकर घरी येतात आणि व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची स्लायडिंग खिडकी अशा दहा फुटी हॉलमध्ये भिंतीला चिकटून उभे राहतात. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. डग्गा वाजला की विहिरीत वाजल्यासारखा. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढं ओढावेत, खाली जाड सतरंजी टाकावी, मागं पुस्तकांचं कपाट ठेवावं. निम्मा दोष जातो. पण सतरंजीचा फोटो मित्रांना कसा पाठवणार? त्यापेक्षा वीतभर जाडीची केबल बरी.

ती बसवून, दिवा मंद करून तो तानपुऱ्याची जुळणी ऐकू लागतो, तेवढ्यात रस्त्यावरून वरात निघते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असे आकडे सन २००० पासून नियमांत आहेत. ते पाठ असलेला अख्ख्या गल्लीत हा एकटाच. डीजेच्या भिंतीपुढं खिडकीच्या काचा थरथरतात, लहान-थोर मनसोक्त नाचतात आणि केबल कुठली वापरलीय, असं कुणीही विचारत नाही.