माननीय अनोळखी प्रेषकास, चिखलीहून

प्रति,
मा. अनोळखी प्रेषक महोदय,
मुक्काम : दर पत्रात निराळा

स. न. वि. वि.

आपली पत्रं रोज पोचतात. आमच्याकडे मेहकरची एस.टी. वेळ पाळत नाही, लाईट जाते, नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. आपण मात्र एकही दिवस खाडा केला नाही. त्याबद्दल आधी आभार. इथला शेतकरी पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ आणि नो-ड्यूजचे दाखले घेऊन बँकेच्या पायऱ्या झिजवतो. आपण माझं नावही न विचारता, नुसत्या ‘डिअर कस्टमर’वर, पाच लाख मंजूर करून मोकळे होता. एवढा विश्वास माझ्यावर सासऱ्यांनीही टाकला नव्हता.

मला लॉटरी लागल्याचं कळवता, ते मात्र जरा जपून घ्या. बुलढाणा जिल्ह्याला भाकितांची उणीव नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचा अंदाज सांगतात. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, याचा वाद जुना आहे. पण पावसाळा संपला की तो अंदाज निदान पडताळता येतो, आणि ऐकायला कोणी ‘प्रोसेसिंग फी’ मागत नाही.

आता मुद्द्याचं. ‘माझा मेल आयडी यांना मिळाला तरी कुठून?’ असं इथे जो तो विचारतो आणि आपण विनाकारण चोर ठरता. आपली बाजू घेऊन सांगतो : बहुतेक वेळा आम्हीच दिलेला असतो, तोही हौसेने.

एखाद्या खुल्या फेसबुक ग्रुपवर कोणी लिहितं, ‘तलाठी भरतीच्या नोट्स पीडीएफमध्ये आहेत. हव्या त्यांनी कमेंटमध्ये मेल आयडी टाका.’ मग बघा गंमत. ‘सर मला पण.’ ‘प्लीज सेंड.’ ‘मॅडम, अजून आल्या नाहीत, परत टाकतो.’ मलकापूरचा, नांदुऱ्याचा, देऊळगाव राजाचा, लोणारचा, एकाखाली एक आयडींची रांग लागते. आयडीत पूर्ण नाव असतं, आडनाव असतं आणि शेवटी जन्मसाल, कारण ते घातल्याशिवाय आमच्या पोरांना चैन पडत नाही. वर हे सगळे नोकरी शोधणारे! बनावट नियुक्तीपत्राला याहून चांगलं गिऱ्हाईक आपल्याला शोधून सापडलं नसतं. आपला प्रोग्रॅम पानामागून पान चाळत येतो, ॲटचं चिन्ह दिसलं की त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं उचलतो आणि पुढे जातो. आमच्याकडे कपाशीच्या वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी रडकुंडीला येतो. आपलं पीक स्वतःच बोंडातून निघून पोत्यात येऊन बसतं. नोट्स मात्र कधी येतात, कधी येत नाहीत. कधी तर ती पोस्ट टाकणारे आपणच असता.

तिथे राहिलेच कोणी, तर दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन असतं. आयोजक उत्साहाने सगळ्या वर्गाचे आयडी ‘सीसी’त टाकून आमंत्रण धाडतो. पत्ते झाकणारा ‘बीसीसी’चा रकाना त्याच्या डोळ्यांसमोरच असतो, पण तो कशासाठी आहे हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मग प्रत्येक जण ‘रिप्लाय ऑल’ करून ‘वा, छान!’ कळवतो. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की अख्खी बॅच आपली.

आपल्या पूर्वजांना हे सुख नव्हतं. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरांची जाहिरात पाठवली. न मागता आलेलं पहिलं घाऊक ईमेल म्हणून त्याची नोंद आहे. पत्ते छापील डिरेक्टरीतून बघून हाताने टाइप करावे लागले. ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरात सांडले. आपण त्यांचा फोटो लावून रोज उदबत्ती फिरवावी एवढे त्यांचे कष्ट आहेत.

आमची फॉर्म भरायची सेंटरं तेवढी आपल्याला आडवी येत असतील. शेवटच्या तारखेची गर्दी, सर्व्हर डाऊन, पोरगं म्हणतं ‘माहा मेल आयडी नाही’, आणि सेंटरवाला भाऊ घाईत स्वतःचाच ठोकून देतो. मग कितीतरी जणांच्या वाट्याची आपली पत्रं एकट्या त्याच्याच इनबॉक्सात जाऊन पडतात. पण हॉलतिकीटही तिथेच पडतं आणि पासवर्ड बदलायचा ओटीपीही. पोरगं महिनाभराने येऊन विचारतं, ‘भाऊ, माहं हॉलतिकीट आलं काय?’ तेव्हा आपल्यापासून वाचायचा हा मार्ग काही खरा नाही. माणसाला स्वतःचा आयडी हवाच. खरं म्हणजे दोन हवेत.

इथून पुढचा भाग आपल्याला रुचणार नाही. बँक, आयकर, पीकविमा यांना दिलेला आयडी मी दुसऱ्या कोणालाही देत नाही. ग्रुप, मंच, कूपन, स्पर्धा, मोफत पुस्तक यांच्यासाठी दुसरं खातं आहे. त्यात काय पडतं ते मी सवडीने बघतो, नाहीतर बघतही नाही. ऑनलाइन चारचौघांत मिसळायला खरा आयडी मिरवावा लागत नाही. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तिथे लोक टोपणनावाने वर्षानुवर्षं पाककृती देतात, भांडतात, पुन्हा गोड होतात, कोणाचं काही अडत नाही.

शिवाय जीमेलमध्ये एक सोय आहे. आयडीतल्या नावापुढे अधिकचं चिन्ह देऊन कुठलाही शब्द जोडला तरी पत्र त्याच खात्यात येतं. कापूस उत्पादकांच्या एका ऑनलाइन समूहात नोंदणी करताना मी असा ‘अधिक कापूस’ जोडला होता. पुढे त्याच पत्त्यावर आपण मला दुबईतला फ्लॅट देऊ केलात. दुबईत कपाशी होत नाही, महाराज! समूहाचं नाव इथे काढत नाही. त्यांनी विकला असेल किंवा त्यांच्याकडून फुटला असेल, पत्ता निघाला तिथूनच. आता ‘कापूस’वर येणारं सगळं थेट कचऱ्यात जावं अशी चाळणी लावून ठेवली आहे.

आपल्यातले हुशार लोक अधिकच्या पुढचं छाटून टाकतात, हे मला माहीत आहे. काही साइट ते चिन्ह घेतही नाहीत. त्यांच्यासाठी टोपण पत्ते देणाऱ्या सेवा आहेत, ॲपलची ‘हाइड माय ईमेल’, फायरफॉक्सची ‘रिले’. प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता द्यायचा, पत्रं खऱ्या खात्याकडे वळतात, आणि आपण तिथे पोचलात की तेवढा एकच पत्ता बंद करायचा. बाकीच्यांना धक्काही लागत नाही.

आपण पत्राच्या तळाशी ‘अनसबस्क्राइब’चं बटण नम्रपणे ठेवता. ओळखीच्या दुकानाचं असेल तर मी ते जरूर दाबतो. आपलं दाबत नाही, कारण दाबलं की हा आयडी जिवंत आहे हे आपल्याला कळतं आणि त्याचा भाव वाढतो. पत्रातली चित्रंही आपोआप उघडू देत नाही; ठिपक्याएवढ्या एखाद्या चित्रावरून पत्र कधी उघडलं गेलं ते आपण टिपता.

कायद्याचं म्हणाल तर आपण निवांत राहा. फोनवरच्या जाहिराती नको असतील तर आम्हाला १९०९ हा नंबर आहे, ईमेलसाठी तसा नाही. अमेरिकेने २००३ मध्ये ‘कॅन-स्पॅम’ कायदा केला. भारतात त्रासदायक आणि मूळ लपवणाऱ्या ईमेलचा उल्लेख माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात होता. त्या कलमाखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. योग्यच केलं. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे, त्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो आमच्याकडून आयडी घेणाऱ्या समूहवाल्याची मानगूट धरणार. आपल्याला धरायला आधी आपलं नावगाव कळायला हवं.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक चिखलीकर

ता. क. हे पत्र प्रेषक महोदयांच्या आधी ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यासाठी : राजेहो, नोट्स हव्या असतील तर कमेंटमध्ये आयडी टाकू नका, ज्याच्याकडे आहेत त्यालाच लिंक टाकायला सांगा. आणि या महोदयांच्या नादाने पैसे गेलेच असतील तर लोक काय म्हणतील म्हणून घरात बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगलेले असतात.