बोकडाचा कार्पेट एरिया

वसई-विरारमध्ये न खपणारी वस्तू अजून जन्माला यायची आहे. डोंगराची कड खणून उभी केलेली इमारत इथे ‘निसर्गाच्या कुशीत’ असते, खाडीच्या चिखलातली ‘क्रीक व्ह्यू’ होते आणि दोन रिक्षा बदलून गाठावी लागणारी सोसायटी ‘स्टेशनपासून दहा मिनिटांवर’ येते. पण महामार्ग ओलांडून मांडवी, भाताणे, पारोळ, मेढे या पट्ट्यात शिरलं की चार-पाच शेळ्या बाळगणारी माणसं भेटतात आणि त्यांना बोकड विकता येत नाही. म्हणजे बोकड जातो. पण तो त्यांनी विकलेला नसतो, कुणीतरी नेलेला असतो.

व्यवहार असा होतो. व्यापारी दारात येतो. बोकडाच्या कमरेवर पंजा दाबतो, जबडा उघडून दात बघतो आणि दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करतो. “मावशी, अंगात काही नाही हो. नुसतं पोट आहे.” आजवर एकाही व्यापाऱ्याला अंगात काही असलेला बोकड सापडलेला नाही. तरीही, केवळ माणुसकीखातर, तो सहा हजार ठेवतो आणि बोकड टेम्पोत टाकतो.

आमच्या परिचयाच्या एका इस्टेट एजंटने हा प्रकार पाहिला आणि त्याला भडभडून आलं. बाजार थंड असल्यामुळे त्याला वेळही होता. त्याने तिथल्या तिथे शेळीपालकांसाठी विक्रीचं धोरण तयार केलं.

कलम पहिलं : क्षेत्रफळ. बोकड नगावर विकणं म्हणजे फ्लॅट न मोजता विकणं, असं त्याचं म्हणणं. जिवंत वजन हा बिल्ट-अप, मटण हा कार्पेट. चोवीस किलोच्या बोकडातून साधारण अकरा-बारा किलो मटण निघतं. “निम्मं लोडिंग! आमच्यात याहून वाईट चालतं,” तो कौतुकाने म्हणाला. मटण आठशे रुपये किलो धरलं, तर नऊ हजारांच्या आसपास झाले; मुंडी, पाय आणि वजडीचे वेगळे. महारेरा 2017 मध्ये आलं, तेव्हापासून घराचा कार्पेट एरिया सांगावा लागतो. बोकड घरापेक्षा जुना, त्याचा कायदा कधी यायचा?

कलम दुसरं : ताब्याची तारीख. वसईत मटणाच्या गिऱ्हाइकाला चारी बाजूंनी मुहूर्त आहेत. बकरी ईद, धुळवड, गटारी, नाताळ. आणि मध्ये श्रावण नि ईस्टरआधीचा उपवासकाळ, म्हणजे मंदी. यात ईद मोठी. 2024 मध्ये ती 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे. बिल्डरचा ताबा पुढे सरकतो, ईद मागे सरकते. कुर्बानीला बोकड वर्षाचा, दोनदाती लागतो, आणि शेळी पाच महिने गाभण असते. म्हणजे सतरा महिने आधी चंद्राचा हिशेब करून बोकड लावायचा. मावशीचा हिशेब वेगळा असतो. भाताचं बियाणं, पोरांच्या वह्या, छपरावरची ताडपत्री हे सगळं पावसाच्या तोंडावर एकदम दारात उभं राहतं आणि आठ महिन्यांचा बोकड तेव्हाच निघतो. शेळी म्हणजे गरिबाचं एटीएम, असं भाषणात सांगतात. बरोबर आहे, फक्त पिन व्यापाऱ्याला ठाऊक असतो.

कलम तिसरं : सरकार. इथे एजंट पहिल्यांदाच नम्र झाला. पुण्यात 1978 पासून शेळी-मेंढी विकासाचं महामंडळ आहे. राज्याची दहा शेळ्या आणि एक बोकड अशी योजना आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांना पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळतं. तिथला सगळ्यात लहान गट शंभर शेळ्या आणि पाच बोकडांचा. मावशीकडे चार आहेत. अभियानाच्या नजरेने पाहिलं तर तिच्याकडे शेळ्याच नाहीत.

बाजार भरवण्याचं काम बाजार समितीचं. 2025 मध्ये ईदच्या तोंडावर राज्याच्या गोसेवा आयोगाने या समित्यांना पत्र धाडलं, की 3 ते 8 जून गुरांचे बाजार भरवू नका. काळजी गोवंशाची होती, पण बंद बाजाराबाहेर शेळीही उभी राहते. ओरड झाली, पत्र मागे घेतलं गेलं. पाच-सहा दिवसांत वर्षाची कमाई करणाऱ्याचे दिवस पत्रव्यवहारात गेले, एवढंच.

कलम चौथं : थेट विक्री. मुंबई महापालिकेचा देवनारचा कत्तलखाना 1971 पासून उभा आहे. राजस्थानातले बोकड ट्रकने तिथवर पोचतात, मांडवीचा पोचत नाही. वसईच्या बागाईतदारांनी केळी, फुलं, भाजी लोकलमधून मुंबईला नेऊन पिढ्या जगवल्या; पण विरार लोकलमध्ये बोकडाला चौथी सीट कोण देणार? दहा घरांनी वीस-पंचवीस बोकड एकत्र केले तरच टेम्पोचं भाडं सुटतं आणि व्यापाऱ्यालाही दारोदार फिरून चेहरा पाडावा लागत नाही. “टाउनशिप!” एजंट ओरडला.

गंमत अशी, की मेल्यावर या बोकडाला फार मान मिळतो. गटारीच्या सकाळी नालासोपाऱ्याच्या दुकानासमोर रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईक चष्मा पुसून इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे वाचतं, पन्नास ग्रॅम हाडावरून खाटकाशी भांडतं आणि वर दोन तुकडे चरबी मागून घेतं. हेच गिऱ्हाईक उद्या भाताण्याला बोकड घ्यायला गेलं, तर म्हणेल, “अंदाजे किती द्यायचे?”

शेवटी एजंटने बाकीची कलमं खिशात ठेवली आणि भंगारवाल्याकडून एक टांगता काटा आणून आंब्याच्या फांदीला अडकवला. मावशीने बोकड पोत्याच्या झोळीत घातला. चोवीस किलो भरला.

व्यापाऱ्याने या खेपेला ना कमर दाबली, ना दात पाहिले. तो बराच वेळ काट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मावशी, हा काटा खोटा आहे.”

“असेल शेट,” मावशी म्हणाली. “मग तुमचा खरा घेऊन या. बोकड इथंच आहे.”