खेळू नका, जपून ठेवा!

निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय १९८९ साली आला, तेव्हा त्याच्या पडद्यामागे दिवा नव्हता. रंग म्हणाल तर हिरवट छटा चार आणि पोटात पेन्सिल सेलही चारच. तो घडवणाऱ्या गुन्पेई योकोई यांनी मुद्दामच जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान वापरलं होतं.

आता संग्राहक मंडळी हे यंत्र शोधून आणतात आणि लगेच खोलतात. झगझगीत आयपीएस पडदा बसतो, नवं पारदर्शक कवच चढतं, सेलच्या जागी चार्जिंगची बॅटरी येते. मूळचा उरतो तो सर्किट बोर्ड. मग मालक छाती काढून सांगतात, "जुन्याची सर नव्याला नाही हो!"

दुसरा पंथ सोवळ्याचा. खेळाचं कार्ट्रिज खोक्यात, खोकं अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत, पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला. २०२१ साली 'सुपर मारिओ ६४' या खेळाची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. सील फोडलं की भाव गडगडलाच. म्हणजे खेळ जितका कमी खेळलेला, तितका मालक मोठा खेळाडू!

गंमत अशी, की पोकेमॉनच्या जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद एका बटणसेलवर टिकते. सेल संपला की सगळी कमाई साफ. पण सोवळ्यातल्यांना त्याची चिंता नाही. नोंद पुसली जायला आधी कुणीतरी खेळायला तर हवं!