खासगी मैडम

आमच्या घराचा पत्ता 'खासगी बाजार, लश्कर, ग्वाल्हेर' असा आहे. त्यातली गंमत फक्त मराठी माणसाला कळते. बाजार म्हणजे चारचौघांचा, तो खासगी कसा? आमच्या हिंदी शेजाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. इथे फालके बाजार आहे, पाटणकर बाजार आहे. त्यांच्या लेखी खासगी हेही कुण्या सरदाराचं आडनाव.

मराठेशाहीत राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीचा जो कारभार, तो खासगीचा. 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराचा इथे तळ पडला आणि तो उठलाच नाही. तंबूंचे वाडे झाले, शहराचं नाव मात्र लश्करच राहिलं. त्या तळामागून आलेल्या कुण्या कारकुनाचे आम्ही वंशज. घरात मराठी, पायरी उतरली की हिंदी, आणि इंग्रजी औषधाच्या बाटलीवर. मराठी म्हणजे तरी काय, 'भाजी बनून गेली, पोळ्या होऊन जाऊ दे' अशी. पुण्याची मामेबहीण ती ऐकायला मुद्दाम फोन लावते आणि स्पीकरवर टाकते.

अशा घरातून मी इंग्रजीची शिक्षिका व्हायला निघाले, याचा दोष आजोबांकडे जातो. 1961 साली ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे; त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या बाई. आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे, मांडवात सतरंज्या घालायला होते. भाषणातलं त्यांना अक्षर आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बाई लंडनला जाऊन इंग्रजी शिकून आल्या होत्या आणि नागपूरला इंग्रजीच शिकवत. "बघ, इंग्रजी शिकवणारी बाई मराठीची अध्यक्ष झाली," ते मला सांगायचे. मराठी शिकवणाऱ्या बाईचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पण लश्करात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एम.ए.ला चॉसरपासून एलियटपर्यंत सगळे भेटले. चौदाव्या शतकातल्या यात्रेकरूंवर मी पाच-पाच पानं इंग्रजीत लिहिली, शेजारच्या बाकावरून पेन मागायचं तर मात्र "भैया, पेन देना." भैयाही शेक्सपिअर घेऊनच एम.ए. करत होता.

मग बी.एड. एनसीटीईनं 2014 मध्ये नियम बदलले आणि एका वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं. ताईनं आधीच एका वर्षात उरकलं होतं. मला दोन लागली. नियम बदलल्याचं मी घरात कागद दाखवून सिद्ध केलंय, तरी "ताईला एकच वर्ष लागलं होतं हो" हे पाहुण्यांना सांगितलं जातंच.

इंग्रजी शिकवायचं कसं, हे आम्हाला शुद्ध हिंदीत शिकवलं गेलं. पुनर्बलन कौशल, उद्दीपन परिवर्तन कौशल, खोजपूर्ण प्रश्न कौशल. पुनर्बलन म्हणजे मुलाला 'शाबास' म्हणणं, हे कळायला मला तीन दिवस लागले. एका रात्री मी "श्यामपट्ट कौशल, श्यामपट्ट कौशल" असं घोकत होते. आजोबांनी चष्मा वर केला. "कोण हे श्यामभट्ट? भिंडचे का?"

म्हटलं, "आजोबा, फळा."

"मग फळा म्हण की! कुठे इंद्राचा ऐरावत, कुठे शामभट्टाची तट्टाणी." लंडनच्या बाई आणि माझं कॉलेज यांतलं अंतर त्यांनी एका म्हणीत मोजून दिलं.

खरी करमणूक सूक्ष्म-शिक्षणाची. ही पद्धत 1963 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला निघाली. आपल्याकडे तिचं 36 मिनिटांचं चक्र ठरवलंय: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं उणीदुणी ऐका, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बेता, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा ऐका. विद्यार्थी म्हणून समोर आपलेच सहाध्यायी बसतात, आठवीतली मुलं होऊन. आमच्या आठवीत दोन गरोदर बायका होत्या, एक पतसंस्थेचा वसुली अधिकारी होता आणि मुरैन्याचे एक पिळदार मिशांचे गृहस्थ होते. त्यांची स्वतःची मुलगी खरोखरच आठवीत होती. मी 'नाऊन' शिकवायला उभी राहिले. मिशांनी करंगळी वर केली. "मैडम, टॉयलेट?" भूमिकेत शिरलेत, असं समजून मी कौतुकानं परवानगी दिली. दोन मिनिटांनी खाली बुलेट सुरू झाल्याचा आवाज आला. पुढचे पाच दिवस ते आठवीत दिसले नाहीत.

उणीदुणी काढायच्या सहा मिनिटांत वसुली अधिकारी एवढंच म्हणाले, "आवाज में दम नहीं है." हप्ते थकवणारी माणसं या आवाजाला दाद देणार नाहीत, असा त्यांचा अनुभव असावा. अख्ख्या दोन वर्षांत मला मिळालेला तेवढाच उपयोगी सल्ला.

त्या दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. मला हिंदी माध्यमाची नववी मिळाली. आमच्याकडे शाळेला सगळे 'इस्कूल' म्हणतात, स्टेशनला 'इस्टेशन'. 'स'च्या जोडाक्षरानं सुरू होणाऱ्या शब्दाला आधी 'इ'चा पाट मांडल्याशिवाय या भागातली जीभ बसतच नाही. मी ठरवलं, पाट काढायचा. चाळीस मिनिटं अख्खा वर्ग सापासारखा फुसफुसत होता: स्स्स्कूल, स्स्स्टेशन, स्स्स्टूल. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर काठी घेऊन सापच शोधायला आले.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक मागच्या बाकावर वही उघडून बसलेले. मी एका मुलाला उभं केलं, वडील काय करतात विचारलं. मुलगा हुशार होता. बोलायच्या आधी त्यानं मनातल्या मनात शब्द तपासला, कालचा नियम लावला, 'इ' बाजूला काढून ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मैडम, पापा स्त्री करते हैं."

त्याच्या वडिलांची आमच्याच गल्लीत इस्तरीची टपरी आहे.

वर्ग हसून लोळला. मला काही सुचेना, म्हणून जे शिकले होते ते केलं. "व्हेरी गुड" म्हटलं. निरीक्षकांनी वहीत लिहिलं: 'पुनर्बलन उत्तम.'

घरी सांगितलं तर आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्यात चूक काय बोलला? स्त्री काय नि इस्तरी काय, तापल्याखेरीज या घरातली एक सुरकुती जात नाही." माझ्या मते दोन वर्षांत ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं खोजपूर्ण वाक्य; फक्त त्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे, ते पाठ-योजनेच्या नमुन्यात नव्हतं.

बी.एड. झालं. सरकारी भरतीची जाहिरात येईपर्यंत वाड्याच्या ओसरीवर शिकवण्या सुरू केल्या. पाटी रंगवायला पेंटर आला. मी मराठीतच बडबडले, "खासगी शिकवणी लिहा, इंग्रजीची." त्यानं मान डोलावली आणि रंगवलं: 'खासगी इंग्लिश क्लासेस'. त्याच्या डोक्यात ते माझं आडनाव. तेव्हापासून अख्ख्या गल्लीत मी खासगी मैडम. कुरिअरवाला याच नावानं हाक मारतो. परवा लग्नाची एक पत्रिका आली, तीही 'श्रीमान खासगी जी, सपरिवार' अशी. बाबांनी अहेर पाठवून दिला.

इस्तरीवाल्याचा मुलगा संध्याकाळच्या बॅचला येतो. फी म्हणून आठवड्याला सहा कपडे इस्तरी करून मिळतात. गेल्या महिन्यात त्यानं वडिलांच्या टपरीवर स्वतःच्या हातानं नवी पाटी रंगवली, कालवलेल्या चुन्यानं, मोठ्या अक्षरांत, माझ्या नियमाप्रमाणे. आजोबा फिरायला त्याच रस्त्यानं जातात. सध्या मी त्यांना मागच्या गल्लीनं नेते.