मागचं रीडिंग किती?

लॅपटॉप विकताना दुकानदार प्रोसेसरचा वेग छातीठोकपणे सांगतो. "दोन पॉइंट सहा गिगाहर्ट्झ, सर!" आपणही मान डोलावतो. गिगाहर्ट्झ नेमके किती असावेत हे कुणालाच माहीत नसतं, पण कमी नसावेत एवढं प्रत्येकाला माहीत असतं. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्या वेगाने प्रोसेसर फारसा चालतच नाही, एवढीच गोष्ट तो पोटात ठेवतो. एरवी हे महाशय निम्म्याहून कमी वेगाने रेंगाळत असतात, त्यातलाही बराच वेळ चक्क झोपतात, आणि कधीतरी कुणी न सांगता छापील आकड्याच्याही पुढे धावत सुटतात.

या महाशयांनी चाल केव्हा बदलली याच्या नोंदी काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. लिनक्सचा जो गाभा असतो, म्हणजे कर्नल, त्यात शिरून हे करावं लागतं. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "आपण नक्की काय करता?" मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आत वळून सासूबाईंना निरोप दिला, "कॉम्प्युटर दुरुस्त करतात." ही पदवी मला आजतागायत चिकटलेली आहे.

हे सासरे, म्हणजे आमचे आप्पा, वीज मंडळातून निवृत्त झाले. सगळी नोकरी मीटर वाचण्यात आणि तपासण्यात गेली. त्यामुळे आकडा दिसला की तो खरा मानायचा नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. कुठलाही आकडा सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मागचं रीडिंग किती?" नातवाने गणितात नव्वद मार्क मिळवले तरी पेढ्याआधी हाच प्रश्न येतो.

मुळात प्रोसेसरला वेग बदलण्याचं हे खूळ कुणी लावलं? 1981 च्या आयबीएम पीसीला असली थेरं नव्हती. 4.77 मेगाहर्ट्झ म्हणजे 4.77 मेगाहर्ट्झ, चालू केला की तेवढा, बंद केला की शून्य. पुढे अधिक वेगवान संगणक आले आणि भलतीच पंचाईत झाली. जुने खेळ प्रोसेसरच्या वेगावर बेतलेले असल्यामुळे नव्या यंत्रावर ते इतके सुसाट पळू लागले की खेळणाऱ्याने बोट उचलायच्या आत तो मेलेला असे. म्हणून खोक्यावर 'टर्बो' नावाचं बटण आलं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग संगणक हळू करण्यासाठी.

आपोआप वेग बदलण्याची गोष्ट खऱ्या अर्थाने घराघरांत पोचली ती लॅपटॉपमुळे. जानेवारी 2000 मध्ये इंटेलने 'स्पीडस्टेप' आणलं: भिंतीतली वीज मिळते आहे तोवर जोरात, बॅटरीवर आलात की हळू. त्याच महिन्यात ट्रान्समेटा नावाच्या कंपनीने 'क्रूसो' प्रोसेसर जाहीर केला. तो कामाचा भार बघून वेग आणि व्होल्टेज दोन्ही बदलत असे. त्या वेळी लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स याच ट्रान्समेटात नोकरीला होते.

यामागचं गणित मी एकदा आप्पांना सांगितलं. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही बहुधा वाढवावं लागतं. म्हणजे वेग दुप्पट केला आणि त्यासाठी व्होल्टेज सव्वापट लागलं, तर वीज तिपटीहून जास्त. वीज हा शब्द कानावर पडताच आप्पांनी पेपर खाली ठेवला. जावई कामाचं काहीतरी बोलतो आहे असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"मग हा वेग ठरवतो कोण?" त्यांनी विचारलं.

कर्नलमध्ये यासाठी 'गव्हर्नर' नेमलेले असतात. 'परफॉर्मन्स' हा उतावळा. काम असो नसो, कायम वरच्या वेगाने. 'पॉवरसेव्ह' कायम खालच्या वेगाने. घरावर दरोडा पडला तरी हा चाल बदलायचा नाही. 2004 साली आलेला 'ऑनडिमांड' थोड्या थोड्या वेळाने काम किती आहे ते बघतो आणि भार मर्यादेबाहेर गेला की थेट वरच्या मजल्यावर उडी मारतो. 'कॉन्झर्वेटिव्ह' तेच करतो, पण एकेक पायरी चढत, गुडघ्यावर हात ठेवून. 2016 मध्ये 'शेड्युटिल' आला. कुठलं काम कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या शेड्युलरकडूनच तो भाराचा अंदाज घेतो आणि वर सव्वापट करून वेग मागतो. आयत्या वेळी कमी पडायला नको, म्हणून पाव भाग जास्तीचा. हा हिशेब सासूबाईंना ताबडतोब पटला. आमच्याकडे पोह्यांचा अंदाज याच सूत्राने होतो.

"ठरवतात ते ठीक," आप्पा म्हणाले. "पण तसं झालं याची नोंद कुठे?"

इथे माझं खातं सुरू होतं.

कर्नलमध्ये 'एफट्रेस' नावाची सोय आहे. स्टीव्हन रोस्टेड यांनी ती उभी केली आणि 2008 सालच्या 2.6.27 या आवृत्तीपासून ती कर्नलचा भाग आहे. कर्नलच्या आत मोक्याच्या जागी नोंदीचे ठिपके पेरून ठेवलेले असतात. त्यांना ट्रेसपॉइंट म्हणतात. एरवी त्या जागी एकच आज्ञा असते: काहीही करू नकोस, पुढे जा. प्रोसेसर ती इमानेइतबारे पाळतो. नोंद हवी असेल तर काय करायचं? ना अर्ज, ना शिफारस. 'सिस'मध्ये 'कर्नल', त्यात 'ट्रेसिंग', त्यात 'इव्हेंट्स', त्यात 'पॉवर', त्यात 'सीपीयू-फ्रिक्वेन्सी' असं आत आत जायचं. शेवटी 'एनेबल' नावाची फाईल लागते. यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने तिच्यात 1 हा आकडा लिहायचा. लगेच ती 'पुढे जा'वाली आज्ञा बदलते आणि कर्नल नोंदी करू लागतो. नको असेल तेव्हा 0 लिहायचा. इतक्या कमी कागदपत्रांत होणारं दुसरं काम माझ्या तरी पाहण्यात नाही.

घरचा जुना लॅपटॉप मी आप्पांसमोर ठेवला. त्यावर जुना ड्रायव्हर आणि ऑनडिमांड लावून नोंदी सुरू केल्या. ओळी येऊ लागल्या. प्रत्येक ओळीत त्या क्षणी चालू असलेल्या कामाचं नाव, कुठला कोअर, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची वेळ आणि नवा वेग, किलोहर्ट्झमध्ये. 1200000. मग 2601000. मग परत 1200000.

बायको मागून डोकावली. "दोन हजार सहाशे एक? हा वरचा एक कसला? आहेर आहे का?"

प्रश्न चेष्टेचा, पण अगदी मर्मावर. या प्रोसेसरचा छापील वेग 2600 मेगाहर्ट्झ. त्याहून पुढे पळायची मुभा आहे हे सांगण्यासाठी यादीत 2601 असा एक वेगळा आकडा घालून ठेवलेला असतो. तो एक मेगाहर्ट्झ म्हणजे नुसती खूण. 2601 मागितले तर प्रत्यक्षात तीन हजारांच्या पुढेही मिळू शकतात. किती मिळाले, ते ही नोंद सांगत नाही.

"आणि हे केवर्कर कोण?" आप्पांनी ओळीवर बोट ठेवलं. "प्रत्येक भानगडीत याचंच नाव दिसतंय."

केवर्कर हा कर्नलचा पडेल ते काम करणारा गडी. वेग बदलण्याचं काम त्याच्याकडे सोपवलेलं असतं, म्हणून नोंदीत नाव त्याचं येतं. वेग ज्याच्यामुळे वाढला तो भलताच कुणीतरी असतो आणि तोवर नामानिराळा होऊन निघून गेलेला असतो. त्याला पकडायचं तर कोण जागं झालं, कोणाची पाळी आली, याच्याही नोंदी सुरू कराव्या लागतात. मी त्या केल्या. शिवाय प्रोसेसर कधी झोपला आणि कधी उठला याचीही एक सुरू केली.

तेवढ्यात आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "429 कोटी 49 लाख 67 हजार 295! जावईबापू, मीटर गेला तुमचा!"

निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला नव्हता. त्यांचा आनंद मोडताना जिवावर आलं, पण मीटर शाबूत होता. झोपेच्या नोंदीत झोप किती गाढ ते 0, 1, 2 अशा आकड्यांनी येतं आणि झोपेतून उठला की उणे एक येतो. पण त्या रकान्यात उणे चिन्हाची सोयच नाही. बत्तीस बिटांत उणे एक कोंबला की तो 4294967295 असा दिसतो. म्हणजे प्रोसेसर जागा झाला एवढंच सांगायला कर्नल सव्वाचारशे कोटींच्या वर आकडा लिहितो. आप्पा म्हणाले, "आमच्याकडे असं बिल गेलं असतं तर पेपरात फोटो आला असता."

दुसरा घोळ त्यांनीच हेरला. नोंदी पडद्यावर धावत होत्या, थांबायचं नाव नाही. कुणी काही करत नसताना एवढं काम येतंय कुठून? तर पडद्यावर ओळ उमटवणं हेही कामच. ते करायला प्रोसेसर उठतो, वेग वाढवतो. त्याची नोंद होते. ती उमटवायला पुन्हा उठतो. आपण बघतो म्हणून तो पळतो आणि तो पळतो म्हणून आपण बघतो. उपाय साधा आहे: नोंदी मुकाट मेमरीत साठू द्यायच्या आणि नंतर वाचायच्या. मात्र ती जागा मोजकी असते; भरली की नव्या नोंदी जुन्यांवर लिहिल्या जातात. तेव्हा फार निवांत राहूनही चालत नाही.

तसं केल्यावर खरा गुन्हेगार सापडला. लॅपटॉपला कुणी हात लावलेला नसतानाही ठरावीक अंतराने प्रोसेसर दचकून उठायचा, थेट 2601 वर जायचा आणि परत निजायचा. माग काढत गेलो तर ब्राउझरमध्ये सासूबाईंनी उघडून ठेवलेला 'आजचा सोन्याचा भाव'. सोनं वर गेलं की खाली आलं हे बघायला ते पान सतत ताजं होत होतं. सोन्याचं माहीत नाही, प्रोसेसर मात्र दर वेळी वर जात होता.

"बंद करू का, आई?" मी विचारलं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "उतरला तर कळायला हवा."

असल्या फुकटच्या जागरणांवर बोट ठेवण्याचं मोठं काम 2007 मध्ये इंटेलच्या 'पॉवरटॉप' या साधनाने केलं. कोणता प्रोग्राम झोपलेल्या प्रोसेसरला किती वेळा उठवतो, याची नावानिशी यादीच ते दाखवतं. 'जीटीके' या साधनसंचावर बांधलेल्या लिनक्स प्रोग्रामांत लुकलुकणारा कर्सर दहा सेकंद काही टाइप केलं नाही तर लुकलुकणं थांबवतो. आपण विचारात गढलो असताना नुसत्या डोळे मिचकावण्यासाठी कुणाला उठवू नये, एवढी माणुसकी त्यात आहे.

पण आप्पांचा मूळ मुद्दा तसाच उभा होता. "तुमचा कर्नल 2601 म्हणतो, ते त्याने मागितलेले. मिळाले किती?"

हा प्रश्न विचारायला आमच्या धंद्यातल्या माणसांना काही वर्षं लागतात. त्याचं उत्तर प्रोसेसरच्याच पोटात आहे. तिथे दोन काउंटर असतात, एमपर्फ आणि एपर्फ. दोन्ही फक्त प्रोसेसर जागा असताना चालतात. पहिला छापील वेगाने पुढे सरकतो, दुसरा प्रत्यक्ष वेगाने. मी एवढंच म्हणालो आणि आप्पांनी पेन काढलं. "आधीची दोन रीडिंग घ्या. थांबा. आता परत घ्या. वजा करा." पहिला हजाराने सरकला आणि दुसरा बाराशेने, तर प्रत्यक्ष वेग छापीलच्या 1.2 पट, म्हणजे 2600 चे 3120 मेगाहर्ट्झ. 'टर्बोस्टॅट' नावाचं साधन नेमकं हेच करतं. आप्पांनी ते पेपरच्या कडेला केलं.

मग मी त्यांना माझा नवा लॅपटॉप दाखवला. तीच फाईल, तोच 1. ओळ एकही नाही. आप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्यांनी आकडा टाकून वीज घेणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. पण इथे चोरी नव्हती. 2015 च्या 'स्कायलेक' पिढीपासून इंटेलचे प्रोसेसर आपला वेग आपणच ठरवू शकतात. कर्नल वरची आणि खालची मर्यादा सांगतो, कामाला झुकतं माप द्यायचं की बचतीला तेही कळवतो, आणि गप्प बसतो. पुढचं सगळं प्रोसेसर परस्पर उरकतो. नेहमीच्या मांडणीत कर्नल वेग बदलतच नाही, तर नोंद कशाची करणार?

"म्हणजे कर्नलकडे फक्त अर्ज करायचं काम उरलं," आप्पा म्हणाले.

"हो."

"आणि काउंटर?"

"ते आहेत अजून."

"मग हरकत नाही." त्यांनी पुन्हा पेपर उघडला. त्या संध्याकाळी शेजारच्या काकांना मात्र त्यांनी माझी ओळख नव्याने करून दिली: "आमचे जावई. कॉम्प्युटरचे मीटर वाचतात." इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुणी दिलेलं नाही. मी ते जसंच्या तसं स्वीकारलं आहे.

तेव्हा वाचकहो, पडद्यावर प्रोसेसरच्या वेगाचा आकडा दिसला तर तो आला कुठून हे आधी विचारा. कर्नलच्या नोंदीतून आला असेल तर तो मागितलेला वेग. दोन रीडिंगांची वजाबाकी करून आला असेल तर तो मिळालेला. आणि काही काम चालू नसताना लॅपटॉपचा पंखा गरगरत असेल, तर नवा घ्यायला धावण्याआधी घरात सोन्याचा भाव कोण बघतंय ते पाहून घ्या.