उडत्या पक्ष्याला हुडहुडी कशी भरवावी

अभिनंदन! तुम्ही सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतलीत आणि घरी तिची किंमत निम्मी सांगितलीत. पक्ष्यांच्या फोटोग्राफीतली सर्वांत अवघड पायरी इथेच संपली. आता किरकोळ काम उरलं. भिगवणला जायचं, उडता पक्षी टिपायचा, आणि बघणाऱ्याने पंखा बंद करून शाल मागावी इतका गारठा त्या फोटोत भरायचा.

अडचण एकच आहे. भिगवणला तसा गारठा नसतो. उजनी धरणाच्या या फुगवट्यावर जानेवारीच्या पहाटे अंगावर काटा येतो खरा, पण साडेदहाला स्वेटर कमरेला बांधावा लागतो. शिवाय तुमचा नायक पट्टकादंब हा लडाख-मंगोलियाकडची थंडी चुकवायला हिमालय ओलांडून इथवर आलेला. उपग्रहाने माग ठेवलेल्या एका कादंबाने सात हजार मीटरच्याही वरची उंची गाठल्याची नोंद आहे. एवढा जिवाचा आटापिटा करून ज्या थंडीपासून बिचारा पळाला, तीच तुम्हाला परत त्याच्या अंगावर चढवायची आहे. मनाला लावून घेऊ नका. छंद म्हटला की कुणाला तरी त्रास व्हायचाच.

१. आधी स्वतः गारठा.

पुण्यातून पहाटे चारला निघा. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, पण मध्ये चहाचे दोन थांबे धरा. अंगात थर्मल, वर झाडापानांच्या छापाचं जाकीट. चहूकडे उघडं पाणी असताना होडीत झाडासारखं दिसून काय साधतं, हा प्रश्न नवशिक्यांनी विचारायचा नसतो; त्यावर नारंगी लाइफ जॅकेट येणारच आहे. जादा बॅटरी आतल्या खिशात, छातीशी धरा. उणे वीस अंशांत बॅटरी लवकर उतरते, असं तुम्ही वाचलेलं आहे. इथे तेरा अंश असले म्हणून शिस्त सोडायची की काय? माकडटोपी मात्र सेल्फी झाल्यावरच घाला.

२. धुकं मिळवा.

रात्री हवा लवकर गार होते, पाणी उबदार राहतं, म्हणून पहाटे पाण्यावर वाफेचा पातळ थर तरंगतो. सूर्य जरा वर आला की तो विरतो. त्या वेळी तुम्ही हायवेवर क्रीमरोल चहात बुडवत असता. हरकत नाही. हा उसाचा मुलूख आहे. तोडणी झालेल्या फडात कुणी ना कुणी पाचट पेटवलेलं असतंच. तो धूर पाण्यावर पसरला की अर्धा स्टॉप जास्त एक्स्पोज करा; सख्ख्या धुक्यालाही ओळखू येणार नाही. डोळे चुरचुरले तर बोचऱ्या वाऱ्याने पाणी आलं म्हणा. कॅप्शनमध्ये ‘धुक्यातले पाहुणे’ लिहा. पाचटाचा उल्लेख टाळा.

३. पक्षी उडवा.

उडता पक्षी हवा आणि पक्षी बसलेला, ही या क्षेत्रातली मूळ गोची. रोहित पक्षी चोच पाण्यात उलटी घालून चिखल गाळत असतो. हे काम तो तासन्‌तास करतो, कारण त्याला पोट आहे. तुम्हाला तेवढा वेळ नाही, कारण तुम्हालाही पोट आहे आणि अकराला ताटात तळलेली चिलापी यायची आहे. तेव्हा होडीवाल्याला हळूच म्हणा, “दादा, अजून थोडं जवळ घ्या ना.” तो म्हणेल, “सर, आत्ता कुठं खायला लागल्यात, ऱ्हाऊ द्या की.” त्याचं म्हणणं आदराने ऐकून घ्या, मान डोलवा, आणि पुन्हा तेच म्हणा. तिसऱ्या खेपेला वरच्या पैशांचा विषय काढा.

आता नीट बघा. आधी दोन-चार माना वर येतील. मग अख्खा थवा एकाच दिशेला, घाई नसल्यासारखा, चालू लागेल. जाणता माणूस इथे होडी थांबवतो. तुम्ही शटर १/२५०० वर न्या. मग ते पाण्यावरून धावत सुटतील, पावलं चपचप आपटत, मान दोरीसारखी ताणून, आणि एकाएकी पंख उघडून आतला लाल-काळा रंग दिसेल. बोट दाबून ठेवा. दीडशे फ्रेम तरी मिळतील. त्यातल्या एकशे चाळीस पक्ष्यांच्या ढुंगणाच्या असतील, कारण घाबरलेला पक्षी तुमच्याकडे तोंड करून उडत नाही. या संग्रहाला ‘हॅबिटॅट शॉट्स’ म्हणायचं, आणि खाली ‘निसर्गात ढवळाढवळ न करता टिपलेला क्षण’ असं लिहायचं.

४. निळं करा.

दिवसाचा उजेड साडेपाच हजार केल्विनच्या आसपास असतो. कॅमेऱ्याला चार हजार सांगा. उजेड पिवळट आहे असं समजून तो भोळा जीव फोटोत निळं ओततो. रोहित वांग्यासारखा जांभळा पडेल, तिकडे लक्ष देऊ नका. घरी आल्यावर लाइटरूममध्ये डीहेझची पट्टी डावीकडे ओढा, म्हणजे पाचटाने दिलं नाही तेवढं धुकं संगणक देईल.

५. वाफेच्या नादी लागू नका.

२०१९ च्या ऑडुबॉन स्पर्धेत पहिला आलेला फोटो तुम्ही पाहिला असेल: लाल खांद्यांचा काळा पक्षी गातोय आणि चोचीतून वाफेची वलयं निघतायत. तो पक्षी बसलेला होता आणि थंडी खरी होती, म्हणजे तुमच्या दोन्ही तत्त्वांत बसत नाही. ब्रशने कादंबाच्या चोचीपुढे वाफ काढलीत तर पुढे स्पर्धावाले मूळ रॉ फाइल मागतात, आणि मग घशाला कोरड पडते.

कुरवांपासूनही सावध राहा. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात इकडे येतो तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतंच. पांढरं होतं, डोळ्यामागे एक काळसर ठिपका उरतो. म्हणजे केल्विनला हात न लावता हिवाळा त्याच्या तोंडावरच असतो. पण फोटो पाहून काकू विचारणार, “तपकिरी डोकं कुठाय रे?” त्यापेक्षा फरसाण उधळा आणि गर्दीचा फोटो घ्या. पांढरे पंख पुष्कळ झाले की लोक आपोआप बर्फ समजतात.

राहता राहिला होडीवाला. तो सहापासून काठावर चार चिपाडं पेटवून तुमची वाट बघत बसलेला असतो. तुम्ही आलात की मफलर कानांवर आवळतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि त्या पाण्यात उतरून होडी ढकलतो. वर चढल्यावर त्याची बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. वल्हं धरण्याआधी तो ती काखेत दाबून धरतो. त्याचा फोटो काढायच्या फंदात पडू नका. सहाशेच्या लेन्सला फोकससाठी चार-साडेचार मीटर अंतर लागतं, तो हातभरावर बसलेला असतो. आणि तो उडतही नाही.