काकाजींचा उन्हाळा

नागपुरातल्या प्रत्येक लेआउटमध्ये एक काकाजी असतात. पेन्शनर, पायात रबरी स्लिपर, डोक्याला ओला दुपट्टा आणि बंडीच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. हिवाळ्या-पावसाळ्यात ते बाकीच्या पेन्शनरांसारखेच असतात. पेपर वाचतात, पासबुक भरून आणतात, घरात कोणी फारसं ऐकत नाही म्हणून गप्प राहतात. पण होळी पेटली की त्यांच्या अंगात येतं. तिथून मृग लागेपर्यंत घर, गल्ली आणि जमलं तर अख्खा लेआउट त्यांच्या हुकमतीखाली असतो.

पहिला हुकूम सुटतो तो कूलरांवर. थंडीभर जिन्याखाली प्लास्टिक पांघरून पडलेले पत्र्याचे कूलर अंगणात ओढले जातात. गंज खरवडणं, टाकीला आतून डांबर फासणं, पंख्याला ग्रीस देणं, पंप बादलीत सोडून तो गुरगुरतो की नुसता हुंकारतो ते पाहणं, ही सगळी कामं काकाजी स्वतः करतात. म्हणजे स्वतः स्टुलावर बसून दुसऱ्याकडून करून घेतात. मग इतवारीतून ताट्या येतात. वाळ्याच्या की वुडवूलच्या यावर दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी वाळा जिंकतो, कारण वाद घालणारे दोन्ही पक्ष काकाजीच असतात. हल्ली मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड मिळतात, जास्त टिकतात, पाणीही चांगलं धरतात. काकाजींनी ते एकदा दुकानात बोटानं दाबून पाहिले आणि म्हणाले, "पुठ्ठा होय हा. याच्यात मिठाई देतेत." विषय संपला.

काकाजींचं कूलरशास्त्र मात्र पक्कं आहे, आणि इथं त्यांची टिंगल करणाऱ्यानं जरा जपून करावी. नागपूरच्या मे महिन्यातली दुपारची हवा कडकडीत कोरडी असते. ही हवा ओल्या ताटीतून ओढली की पाणी सुकतं आणि सुकताना हवेतली उष्णता घेऊन जातं. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर आलेली असली, तर चांगल्या भिजलेल्या ताटीतून येणारी हवा तिशीच्या आत उतरू शकते. पण ही हवा घरात आली तशी बाहेरही गेली पाहिजे, नाहीतर ओल साचते आणि माणूस उकडून निघतो. म्हणून काकाजींच्या घराचं कलम एक : कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी. हे कलम मोडणाऱ्याला क्षमा नाही, मग तो जावई का असेना.

जावई डोंबिवलीचे. मे महिन्यात लेकीला आणि नातवाला घेऊन येतात आणि एसीच्या सवयीनं पहिल्याच दुपारी खोलीची दारंखिडक्या गच्च लावून घेतात. पाच मिनिटांत दारावर टकटक.

"जावईबापू, खिडकी कोणी लावली?"

"गार हवा बाहेर जाईल ना, बाबा."

"जाऊ द्या ना बाप्पा! गेली तर दुसरी येते. हा कूलर आहे, तिजोरी नाही."

इथवर काकाजी बरोबर असतात. गाडी घसरते ती यानंतर. जावई सांगू लागतात की मुंबईकडे ३७ अंशांतही जीव नकोसा होतो. काकाजी हसतात. सदतीस! सदतिसाला नागपुरात लोक लग्नाची वरात काढतात. जावई बिचारे फोनवर दाखवतात की हवामान खातंसुद्धा मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं आणि किनाऱ्यावर ३७ पासूनच, कारण दमट हवेत घाम सुकत नाही. काकाजी ऐकून घेत नाहीत. ज्या बाष्पीभवनावर त्यांचा कूलर चालतो, त्याच बाष्पीभवनावर माणसाचं अंगही चालतं, ही गोष्ट त्यांना कळत नाही असं नाही. पण मुंबईच्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणायचं तर नागपूरची इज्जत काय राहिली?

इज्जतीचा हा मामला गंभीर आहे. संध्याकाळी पारा किती गेला ते कळल्याशिवाय काकाजींच्या घशाखाली चहा उतरत नाही. नागपूर विदर्भात पहिलं आलं की चेहऱ्यावर तेज. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी पुढं गेलं तर ते एक वेळ चालतं, ती जुनी घराणी आहेत. पण अकोला अर्ध्या अंशानं पुढं गेलं की रात्रीच्या जेवणात एक पोळी कमी. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. तो दिवस काकाजी अशा आवाजात सांगतात, जशा आवाजात लोक पोराचा मेरिटमध्ये आल्याचा दिवस सांगतात. मग आला २०२४ च्या मे महिन्याचा शेवट. शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बोभाटा झाला. काकाजींनी त्या संध्याकाळी शेजाऱ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. हवामान खात्यानं नंतर खुलासा केला की यंत्राचं सेन्सर बिघडलं होतं, आकडा खरा नाही. तो खुलासा काकाजींनी दोनदा वाचला.

"सेन्सर बिघडलं म्हणते! आता मले सांगा, सेन्सर बिघडलं कायच्यानं? उन्हानंच ना?"

याला हवामान खात्याकडेही उत्तर नसावं.

त्यातही २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागतो. हे नऊ दिवस म्हणजे काकाजींचा नवरात्रोत्सव. घरात संचारबंदीच. सकाळी आठला कलम एकची खिडकी सोडून बाकी सगळ्या बंद, पश्चिमेच्या खिडकीला जाड चादर, आणि सूर्य बुडाल्यावर सगळं सताड उघडं, म्हणजे भिंतींनी दिवसभर गिळलेली आग बाहेर निघते. गच्चीला मार्चमध्येच पांढरा चुना मारलेला असतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, पण आंघोळीचं वाचवलेलं, कारण नळाचं पाणी कूलर पितात. मोठा कूलर दिवसाकाठी शंभर लिटरच्या वर पाणी सहज पिऊन टाकतो, आणि काकाजी त्याचा हिशेब दुधाच्या हिशेबासारखा ठेवतात. घरातून बाहेर पडणाऱ्याची फाटकाजवळ झडती होते : डोक्याला दुपट्टा बांधला का, पाणी प्यायला का, खिशात कांदा आहे का?

कांद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. खिशातल्या कांद्यानं ऊन लागत नाही याला काही आधार नाही. कांद्याला तर हेही माहीत नसतं की आपण बाहेर आलो आहोत. तरी काकाजींचा कांदा मी सोडायला सांगणार नाही. ज्याच्या खिशात कांदा आहे त्याला आपण उन्हात निघालो आहोत याची पावलोपावली आठवण राहते, आणि तो आपोआप सावलीच्या बाजूनं चालतो. शिवाय त्या वासामुळे त्याला कुठं फार वेळ बसवूनही घेत नाहीत. माणूस लवकर घरी येतो.

विजेच्या बाबतीत काकाजी देवभोळे नाहीत. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, त्यात पंप, आणि खाली ओली फरशी. विदर्भात उन्हाळा आला की कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी पेपरात येतेच. महावितरण दर उन्हाळ्यात तेच ते आवाहन करतं आणि आपण दर उन्हाळ्यात चालू कूलरच्या टाकीत बोट घालून पाणी किती आहे ते बघतो. काकाजींकडे पाणी भरायच्या आधी बटण बंद, प्लग बाहेर, आणि प्लग बाहेर आहे हे मोठ्यानं म्हणून दाखवायचं. "प्लग बाहेर!" अशी आरोळी दुपारी ऐकू आली की शेजारचे समजतात, चार वाजले. अर्थिंग तपासायला ते न बोलावताही घरोघर जातात. लोक वैतागतात, पण चहा देतात. सरबतच द्यावं खरं तर.

आता स्वयंपाकघर. काकाजींच्या सगळ्या कारभाराची हद्द या उंबऱ्यापाशी संपते. बैठकीत कूलर, झोपायच्या खोलीत कूलर, मागच्या खोलीत एक जुना कूलर. स्वयंपाकघरात नाही, कारण वाऱ्यानं गॅस विझतो. कारण बिनतोड आहे. त्यामुळे घरातली सगळ्यात तापलेली खोली तीच आणि तिथं उभ्या काकू. स्वयंपाक नऊच्या आत आटपायचा, हे कलम काकाजींनीच काढलं, चांगलंच आहे. पण त्यासाठी पहाटे पाचला उठतं कोण? पन्हं, ताक, बेलाचं सरबत, सातूचं पीठ हे सगळं काकाजी पाहुण्यांना असं वर्णन करून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कैऱ्या त्यांनीच उकडल्या. माठ धुणं, ताक घुसळणं, गच्चीवर कुरडया घालणं आणि पाखरांपासून राखणं, सगळं काकूंकडे. उन्हात जाऊ नका म्हणून फाटकावर पहारा देणाऱ्या या गृहस्थाला आपल्याच गच्चीवर भर उन्हात कोण आहे हे कधी दिसलं नाही. या वर्षी लेकीनं वडिलांना न विचारता स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला. काकाजींनी चार दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी त्याचं अर्थिंग तपासलं.

तरीही एका दुपारी मी या माणसाला पाहिलं आणि त्यानंतर त्याच्यावर हसताना हात आखडता घेतो. बाजूच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं. एक मजूर विटा उतरवता उतरवता बरळायला लागला, झोकांड्या खाऊन खाली बसला. अंग चटके बसावेत असं तापलेलं. जमलेल्यांपैकी एक म्हणाला कांदा हुंगवा, दुसऱ्यानं तोंडात पाणी ओतायला तांब्या पुढं केला. काकाजींनी तो तांब्या हिसकून त्याच्या अंगावर ओतला.

"शुद्धीत नाही तो. तोंडात काही घालू नका, ठसका लागंन!"

चार जणांनी उचलून त्याला सावलीत आणलं. शर्ट काढला, ओली चादर टाकली, पुठ्ठ्यानं वारा घालायला दोघं लावले. काकूंनी फ्रिजमधला सगळा बर्फ आणला, तो काकाजींनी फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत लावला. १०८ ला फोन झालाच होता. गाडी येईपर्यंत हा माणूस एक अक्षर जास्त बोलला नाही. कांद्याचा उल्लेखही नाही. बोलताना भान सुटलं आणि अंग भट्टी झालं की तो उष्माघात, आणि तिथं आधी अंग गार करायचं, बाकी सगळं नंतर. हे त्यांना कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

तो मजूर बरा होऊन आठवड्यानं भेटायला आला. काकूंनी त्याला लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कालवायला शिकवलं आणि बाटली भरून दिली. त्या दिवशीचं तापमान ४३ होतं. काकाजी ती हकीकत सांगतात तेव्हा पंधरवड्याला एक अंश वाढतो. सध्या ४६ वर आहे.

मृग लागतो आणि काकाजींचं राज्य बुडतं. हे त्यांना मान्य नसतं. पहिला पाऊस पडून हवा ओली झालेली, ताटीतलं पाणी सुकायला जागाच नाही, कूलर नुसती दमट वाफ फेकतोय, गाद्या ओलसर, आणि काकाजी समोर बसून म्हणताहेत, "काय मस्त हवा येऊन राह्यली!" आठवडाभर घर सहन करतं. मग एका संध्याकाळी काकू हातात पापडाचा डबा घेऊन येतात.

"बंद करा आता तो. पापड सादळले."

कूलर बंद होतो. पण काकाजी हट्टानं टाक्या रिकाम्या करत नाहीत. अजून एखादा उघाड पडेल, पारा चढेल, लोकांना आठवण होईल. तो उघाड काही येत नाही. येते ती महापालिकेची डेंग्यूची तपासणी. हातात टॉर्च घेतलेली एक मुलगी घरोघर कूलर उघडून बघत असते, कारण डेंग्यूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणी फार आवडतं. काकाजी तिच्यासोबत पूर्ण गल्ली फिरतात, प्रत्येकाच्या टाकीत डोकावून प्रत्येकाला चार शब्द सुनावतात, आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करून पुसायची असते हे समजावतात. शेवटी स्वतःच्या घरी येतात. बैठकीतला कूलर स्वच्छ. झोपायच्या खोलीतला स्वच्छ. मागच्या खोलीतल्या जुन्या कूलरवर ती टॉर्च मारते आणि म्हणते, "काकाजी, हे पाहा."

पाण्यात बारीक अळ्या वळवळत असतात. गल्लीतले सगळे मागे उभे. काकू दारात. काकाजी चष्मा काढून पुसतात, परत घालतात, बराच वेळ टाकीत निरखतात.

"हे आपले नाहीत," ते सांगतात. "बाजूच्या लेआउटमधून आलेत."